वर्णद्वेषी हिंसेनंतर नेत्यांनी केलेल्या निवेदनांनी काही बदलते का?

प्रश्न : नौपाडा, ठाणे
फेब्रुवारी 2017 मध्ये कॅन्सासमधील ओलेथ येथे एका भारतीय अभियंत्याची 'माझ्या देशातून चालते व्हा' असे ओरडत हत्या झाली, तेव्हा माझी बहीण तिकडेच नोकरी करत होती. आई रोज रात्री व्हिडिओ कॉल लावून 'अंधार पडायच्या आत घरी ये गं' असे बजावत असे. सहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संसदेपुढील भाषणात त्या घटनेचा निषेध केला. आमच्या घरातील काळजी मात्र तसूभरही कमी झाली नाही. अशी निवेदने हा निव्वळ उपचार असतो, की त्यांचा काही उपयोग होतो?

उत्तर 1 : ऐरोली
उपयोग होतो आणि अपायही होतो. ऑगस्ट 2017 मध्ये शार्लट्सव्हिल येथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्याच्या दिवशी एकाने विरोधकांच्या गर्दीत मोटार घातली आणि एका तरुणीचा बळी गेला. ट्रम्प यांनी त्या दिवशी 'अनेक बाजूंच्या' द्वेषाला दोष दिला, दोन दिवसांनी कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा आणि नवनाझींचा नाव घेऊन निषेध केला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, दोन्ही बाजूंना चांगली माणसे होती, असे सांगितले. नवनाझींचा पूर्ण निषेधच व्हायला हवा, हेही ते त्याच पत्रकार परिषदेत म्हणाले होते, ही नोंद न्यायाला धरून करायला हवी. पण क्लानचे माजी म्होरके डेव्हिड ड्यूक यांनी त्यांचे जाहीर आभार मानले, यावरून ऐकणाऱ्यांनी त्यातून काय उचलले ते कळते.

उत्तर 2 : नेरुळ
माझ्या मते निवेदनापेक्षा त्यानंतरचा महिना पाहावा. 15 मार्च 2019 रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधील दोन मशिदींवरील हल्ल्यात 51 जणांचा जीव गेला. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचे नाव उच्चारणार नाही असे जाहीर केले, त्याचेच कौतुक अधिक झाले. परंतु लष्करी धाटणीच्या बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारा कायदा 10 एप्रिलला 119 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला, हे मला अधिक मोलाचे वाटते. अर्थात तिथल्या संसदेत एकच सभागृह आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या मनात असूनही हे इतक्या झटपट होत नाही. तरीही 2015 मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर, पंजाबी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या तेव्हाच्या गव्हर्नर निकी हेली यांनी विधिमंडळाच्या आवारातील कॉन्फेडरेट ध्वज (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांचा झेंडा) उतरवण्याची मागणी केली आणि महिन्याभरात तो उतरला.

उत्तर 3 : वाशी
हाच निकष आपल्याकडेही लावावा. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने ईशान्येकडील लोकांच्या अडचणी तपासण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली आणि तिचा अहवालही त्याच वर्षी आला. तरीही 2020 मध्ये ईशान्येकडील लोकांना 'कोरोना' म्हणून हिणवले जाऊ लागले आणि गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना पाठवावी लागली. माझ्यासोबत काम करणारी मणिपूरची परिचारिका तेव्हा गणवेशात असली, तरी लोकलमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नसे. आपल्या आमदार-नगरसेवकांपैकी कोणी त्यावर चार शब्द बोलल्याचे मला तरी आठवत नाही.