मदत हवी आहे: एनसीव्ही नॉर्मल, तरी आईच्या तळपायांची आग होते

नमस्कार. माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यापासून रात्री तिच्या तळपायांची आग होते. चादरीचा नुसता स्पर्शही तिला सोसत नाही आणि पंख्याखाली पाय उघडे टाकून ती रात्र रात्र जागी असते. त्याच पायांना उष्णता मात्र नीट कळेनाशी झाली आहे. मध्यंतरी तिने शेक घ्यायला घमेल्यातल्या पाण्यात पाय बुडवले. त्या पाण्यात मला हात घालवेना, आणि ती म्हणत होती की पाणी कोमटच आहे. बोटे लालबुंद झालेली दिसली तेव्हा मी तिचे पाय बाहेर काढले.

परळच्या एका रुग्णालयात एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) तपासणी करून घेतली. अहवाल नॉर्मल आला आणि वयामुळे असे होते, एवढेच सांगून आमची बोळवण झाली. मला ते पटले नाही, म्हणून वेदनेचा संदेश पायापासून मेंदूपर्यंत कसा जातो हे वाचायला घेतले.

त्यातून समजले ते असे. ठेच लागली की आधी झणकन कळ येते आणि ठणका मागाहून सुरू होतो, कारण या दोन्ही संवेदना वेगवेगळ्या मज्जातंतूंवरून जातात. पहिली कळ नेणाऱ्या ए-डेल्टा तंतूंना मायलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर असतो. जळजळ आणि ठणका नेणाऱ्या सी तंतूंना ते आवरणच नसते. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम 0.5 ते 2 मीटर, म्हणजे पायाच्या बोटापासून मज्जारज्जूपर्यंतचे मीटरभर अंतर कापायलाच त्यांना सुमारे एक सेकंद लागतो. चटक्याची जाणीवही बरीचशी याच बारीक तंतूंवर अवलंबून असते. तंतूची जाडी आणि त्याचा वेग यांचा हा संबंध उलगडणाऱ्या अर्लँगर आणि गॅसर यांना 1944 साली नोबेल मिळाले होते.

आता माझ्या शंकेकडे येतो. एनसीव्हीमध्ये विजेचा हलका धक्का देऊन जो वेग मोजतात तो जाड, वेगवान तंतूंचा असतो, आणि सी तंतूंचे क्षीण, संथ संदेश त्यात टिपलेच जात नाहीत. तसे असेल तर आईचे बारीक तंतू खराब झालेले असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो, हे माझे आकलन बरोबर आहे का? घोट्याजवळच्या त्वचेचा बारीकसा तुकडा काढून त्यातील तंतूंची घनता मोजणारी बायोप्सी, किंवा गरम-थंड कितपत कळते ते यंत्राने मोजणारी तपासणी मुंबईत, शक्यतो सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, कोणी करून घेतली आहे का? मधुमेही व्यक्तीच्या घोट्याजवळची ती जखम भरून यायला त्रास झाला का, हेही कृपया सांगावे, कारण आईला सर्वांत जास्त धास्ती त्याचीच आहे.

साखर आटोक्यात ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पाय रोज तपासतो आणि शेक पूर्ण बंद केला आहे. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेऊ, त्यामुळे कृपया गोळ्यांची नावे सुचवू नयेत. न्यूरोलॉजिस्टकडे पुन्हा जाताना नेमके काय विचारावे आणि कोणते जुने अहवाल सोबत न्यावेत, एवढे अनुभवी मंडळींनी सांगितले तर फार मदत होईल.