जळगावला आधी सिटी बस पाहिजे, उड्डाणपुलाचं नंतर बघू

मेहरूणची बोरं:
आई खोटेनगरला राहते. गुडघे गेलेत, महिन्यातून दोनदा सरकारी दवाखान्यात जावं लागतं आणि मी गावात नसलो की ती हायवेच्या कडेला शेअर रिक्षाची वाट बघत उभी राहते, रिक्षा आली तर सीटा भरेपर्यंत आत बसून राहायचं, मग मधेच उतरून दुसरी धरायची, आणि हे सगळं मे महिन्यात, 44-45 डिग्रीत. 2011 ला आपली लोकसंख्या 4,60,228 होती, त्यानंतर पिंप्राळा, निमखेडी, कुसुंब्याकडे किती प्लॉट पडले ते सगळ्यांनी बघितलंय, आणि एवढ्या शहरात म्हातारं माणूस ज्याच्या भरवशावर घराबाहेर पडेल अशी एक बस नाही. इकडे चर्चा सुरू झाली की गाडी पुलावरच येते.

माझं म्हणणं असं की जळगावइतकं बसला सोपं शहर शोधून सापडणार नाही. विद्यापीठ, बांभोरी, खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, सगळं जुन्या हायवेवर एका रेषेत आहे आणि चौफुलीवरून वळलं की एमआयडीसी. पाळधी-तरसोद बायपासनं जड वाहनं बाहेर गेली की हाच रस्ता बसला द्या. धरा 15 किलोमीटर, थांबत थांबत एक तास लागेल, जाऊन येऊन दोन तास, वर टोकाला 15 मिनिटं ड्रायव्हरला दम घ्यायला. दर 15 मिनिटांनी बस पाहिजे तर 9 बस लागतात. फक्त 9!

टॉवर चौक:
भाऊ, 9 बस घेणं अवघड नाही, त्या रोज चालवणं अवघड आहे. हुडकोच्या कर्जात आपली मनपा किती वर्षं अडकली होती आठवतंय ना, तेव्हा गटारी आणि रस्त्यांनासुद्धा पैसा नव्हता. नाशिकला 8 जुलै 2021 पासून सिटीलिंक चालू आहे, लोक बसतातही, तरी तिकिटातून खर्च निघत नाही आणि तूट महापालिकाच भरते. नाशिकचं उत्पन्न कुठे आणि आपलं कुठे. मी मालमत्ता कर वेळेवर भरतो, माझ्या कॉलनीत दहा वर्षं झाली रस्ता नाही, आणि माझा पैसा रिकाम्या फिरणाऱ्या बसच्या डिझेलात जाणार असेल तर माझा विरोध आहे. पूल बांधला की निदान पन्नास वर्षं उभा राहतो.

मेहरूणची बोरं:
डिझेल नाही, बॅटरीवरच्या बस. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली, देशभरात 10,000 बस, आणि चालवायला किलोमीटरमागे मदत 10 वर्षं. तूट उरेल हे मान्य आहे, लपवत नाही. पण शिवाजीनगरचा पूल पाडल्यावर नवा होईपर्यंत त्या भागातल्या लोकांनी किती वळसे घातले ते आठवा, आणि पूल झाल्यावर वर जाणाऱ्या गाड्या कमी झाल्या का? प्रत्येक घरात तीन तीन टू-व्हीलर आहेत कारण दुसरा पर्यायच नाही.

पांझराकाठ:
धुळ्यातून लिहितोय. कॅप्टन ब्रिग्जनं 1819 च्या सुमाराला आमच्या सरळ गल्ल्या आखल्या, आजही आम्ही पत्ता सांगताना गल्ली नंबर सांगतो. नदीपलीकडे देवपूर वाढलं ते मात्र कोणी आखलं नाही, आणि आता पुलावर अडकतो. बसचं नंतर करू म्हणाल तर कॉलन्यांचे रस्ते 9 मीटरचे होऊन बसतात आणि मग मोठी बस वळतच नाही, हे आम्ही भोगतोय.

तीन चाकं:
मी रिक्षा चालवतो, 14 वर्षं झाली, स्टेशन ते पिंप्राळा. सगळे रिक्षावाल्याला बोलतात म्हणून लिहितो. सीट भरल्याशिवाय निघत नाही कारण गॅस, हप्ता, इन्शुरन्स, पासिंग, हे सगळं त्या तीन सीटांतून काढायचं असतं. तुमची बस सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 फिरेल, म्हणजे आमच्या कमाईचा टाइम घेईल, आणि दुपारच्या उन्हात आणि रात्री 10 ला परत आम्हालाच हाक माराल. मग आम्ही हप्ता कशावर भरायचा?

टॉवर चौक:
हेच म्हणतोय मी. बस आली की यांचं पोट गेलं.

तीन चाकं:
दादा तसं नाही म्हणालो मी. बस हायवेवर पळू द्या, माझी हरकत नाही. पिंप्राळ्यात, शिवाजीनगरच्या आत ती घुसणारच नाही, तिथलं आम्हाला लेखी ठरवून द्या, बसथांब्याजवळ स्टँड द्या. आज चौकात उभं राहिलं तर पोलीस हाकलतात आणि नाही राहिलं तर पॅसेंजर मिळत नाही.

मेहरूणची बोरं:
हे मला सुचलं नव्हतं, मी फक्त हायवेचाच विचार करत होतो. थांब्याशेजारी रिक्षा स्टँड हे बस यायच्या आधी नकाशावर आलं पाहिजे.

अपडाऊनवाली:
मी भुसावळहून रोज ये-जा करते, ट्रेनला 25 किलोमीटर जायला त्रास नाही, स्टेशनवरून एमआयडीसीला जायला त्रास आहे. तुमची बस हायवेवरून सरळ गेली तर स्टेशन बाजूलाच राहिलं ना काका? गाडीतून उतरलेली शेकडो माणसं हायवेपर्यंत चालत यायची का? दुसरं, थांब्याला सावली हवी. पत्र्याचं शेड नको, मे मध्ये त्याखाली उभंच राहवत नाही, कडुनिंब लावा. आणि शेवटची बस किती वाजता ते आधी सांगा, कारण आमची सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत रात्र होते आणि बाईमाणसाला 8 पर्यंतच्या बसचा काही उपयोग नाही.

मेहरूणची बोरं:
बरोबर ताई, स्टेशन सुटलं माझ्याकडून. एक फाटा नेहरू चौकातून स्टेशनला घ्यावा लागेल, मग 9 च्या 12-13 बस होतील. शिफ्ट नक्की किती वाजता सुटते सांगाल? सुधारून परत मांडतो.

टॉवर चौक:
13 म्हणजे खर्च अजून वाढला. किलोमीटरचा हिशोबही मांडा सोबत, मग बोलू.

अपडाऊनवाली:
साडेअकराला सुटते. गेटवरून हायवेला यायला दहा मिनिटं धरा.