घरी सांगणार कोण?

'शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर राज्याने कायद्याने बंधनं घातली तर बिघडलं कुठे, आईवडील घरी सांगतीलच' हा मुद्दा अजिबात पटला नाही. आपल्याकडे हे करून झालंय. २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम शाळांत थांबवला. (याच राज्यात र. धों. कर्वे १९२७ पासून या विषयावर मासिक काढत होते. असो.)

मी तेव्हा सोलापुरात हायस्कुलात होते. प्रजननाचा धडा आला की सर म्हणायचे, "घरी वाचून घ्या." घरी आई सुपात तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळत बसलेली. आम्ही घरात तेलुगू बोलणारे, शाळा मराठी. या गोष्टींसाठी आईकडे दोन्ही भाषांत शब्द नव्हता. पाळी आली तेव्हा मला वाटलं, काहीतरी मोठा आजार झालाय. दोन दिवस कुणाला बोललेच नाही. नंतर शेजारच्या वहिनींनी सांगितलं, तेही अर्धंमुर्धं. मध्यंतरी सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत आयांशी बोलताना विचारलं, मुलींना तुम्ही काय सांगता? एकजण फटकन म्हणाली, "तुमीच सांगा की ओ ताई, आमाला तरी कुनी सांगितलंय?"