दुभाजकावर भर दुपारी टँकर: सरकारी कामात पाणी वाचतं तरी कुठं?

मानेवाड्याची: नागपुरात पारा ४५ वर, अन् रिंग रोडवर बारा वाजता टँकरवाला दुभाजकातल्या झाडांना पाइपानं पाणी घालून राहिला. अर्धं डांबरावर. आम्ही घरी भाजी धुतलेलं पाणी कुंडीत टाकतो. हे पिण्याचं पाणी असतं का?

इतवारीवाला: विहिरीचं असेल. बाकी काकांना विचारा.

बगीचेवाले काका: बगीच्यात माळ्यांचा मुकादम होतो, आता घरी. ताई, आधी टँकर कुठं भरला ते पाहा. विहिरीचं किंवा शुद्ध केलेलं सांडपाणी असेल तर नळाचं वाचलं. पण बाराची वेळ कोणत्याच पाण्याला बरी नाही! आम्ही ऊन तापायच्या आत नळी गुंडाळायला लावायचो. झाडाला आळं करून वर पालापाचोळा अंथरला तर दिवसाआड पाणी पुरते. पण पाला दिसला की कचरा म्हणून उचलतात, कुठं कुठं जाळतातही. काय बोलावं?

खरा पाणीखाऊ म्हणजे लॉन. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, अन् मे महिन्यात रोज सहा-सात मिलिमीटर तरी उडते. म्हणजे १००० चौरस मीटर हिरवळीला रोज सहा-सात हजार लिटर, फोटोसाठी. त्यापेक्षा करंज, कडुनिंब लावा नं. दोन-तीन उन्हाळे जगवला की तो आपलं आपण पाहते.

मोठी बचत मात्र भांडेवाडीत. तिथं सांडपाणी शुद्ध करायचे १३० अन् २०० एमएलडीचे (म्हणजे रोज तितके दशलक्ष लिटर) प्लांट आहेत, शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडं जातं. तेवढी शहराला येणाऱ्या पेंच नदीच्या पाण्यावरची ओढ कमी. २०१९ च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं अन् नळ दिवसाआड झाले, तेव्हा याची किंमत समजली.

मानेवाड्याची: मग तेच पाणी सगळ्या बगीच्यांना काहून नाही देत?

बगीचेवाले काका: भांडेवाडी शहराच्या पूर्व टोकाला. तिथून बगीच्यांपर्यंत वेगळी पाइपलाइन टाका, नाही तर टँकरचं डिझेल जाळा. बगीच्याजवळ नाला असेल तर तिथंच लहान प्लांट बरा पडते. फक्त तो रोज पाहणारा माणूस पाहिजे. वास सुटला की लोक ओरडतात, मग मोटर बंद, अन् पुन्हा नळाची नळी जोडली जाते.

इतवारीवाला: विहिरींचा गाळ काढणंही त्यातच धरा राजेहो. आमच्या मोहल्ल्यातल्या विहिरीत अजून पाणी आहे, वर मात्र निर्माल्य तरंगते.

बगीचेवाले काका: जाळी बसवून घ्या तिच्यावर, मग उपसायचं पाहू.