प्रतिसाद: पुन्हा उलटेल का, ही धास्ती

उपचारांनंतर कॅन्सर पुन्हा उलटेल या भीतीचं काय करायचं, या प्रश्नावर 'विचारच करायचा नाही, पॉझिटिव्ह राहायचं' असं वर दोघातिघांनी लिहिलंय. हेतू चांगलाच, पण माझ्या आईला (स्तनाचा कॅन्सर, उपचार मिरजेत, सध्या लेट्रोझोल ही कॅन्सर उलटू नये म्हणूनची गोळी चालू) या सल्ल्याचा जाचच झाला. भीती काही जायची नाही, वर आपण भितो याची लाज. सकाळी बोटं, गुडघे आखडले की एकदम गप्प. मनात आजार हाडात पोचलेला असायचा! शेवटी डॉक्टरांनाच म्हटलं, नेमकं कशाला घाबरायचं ते लिहून द्या. त्यांनी केसपेपरच्या मागे खरडलं: नवीन गाठ, दोन आठवडे न थांबलेलं किंवा वाढत जाणारं दुखणं, दम लागणं, कारण नसताना वजन उतरणं. सांधे आखडणं हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास, हेही तेव्हाच कळलं. आता काही दुखलं की ती आधी तो कागद बघते, मग आम्हाला हाक मारते.

दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन (कॅन्सर शोधायचा सगळ्या अंगाचा स्कॅन) करा असं वर म्हणणाऱ्या ताईंशी मात्र सहमत नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर काही लक्षण नसेल तर डॉक्टरांची तपासणी आणि वर्षाला मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), एवढंच नेहमीसाठी सांगतात. जादा स्कॅन म्हणजे खर्च आणि रिपोर्ट येईपर्यंत घरभर घालमेल. रात्री फारच घाबरं झालं तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. सांगलीत काय, जतच्या एखाद्या वाडीवरूनही लागतो.