तालुक्याचं साप्ताहिक हातात आलंय, पत्रकार संघाचं सभासद व्हावं का?

माणदेशी लेक (दहिवडी)

नमस्कार. बाबांनी २००१ मध्ये सुरू केलेलं साप्ताहिक आता माझ्याकडे आलंय. बाबा भाद्रपदात गेले. चार पानी टॅब्लॉइड, नऊशे प्रती. त्यातल्या साडेतीनशे टपालाने मुंबईला जातात, कारण आमची निम्मी माणसं तिकडे माथाडीत आणि कापड बाजारात. मी एम.कॉम., बारा वर्षं पतसंस्थेत नोकरी. वर्तमानपत्राचा अनुभव म्हणाल तर लहानपणापासून दर गुरुवारी रात्री अंकाच्या घड्या घालणं आणि पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवणं.

अंक बंद करायचा नाही, एवढं ठरलंय. पण तीन गोष्टी अडल्यात. मालकी अजून बाबांच्या नावावर आहे. एका कार्यालयाकडे टेंडर नोटिशींची बिलं चौदा महिने पडून आहेत. आणि आमच्या एका वार्ताहराला वाळूच्या बातमीवरून रात्री घरी येऊन दम दिला गेलाय.

जिल्ह्यातल्या पत्रकार संघाचे लोक दोनदा येऊन गेले, सभासद व्हा म्हणाले. बाबा कधीच कुठल्या संघटनेत नव्हते. सहा जानेवारीचा, पत्रकार दिनाचा सत्कार सोडला तर या संघटना वर्षभर काय करतात, हे मला कुणी नीट सांगेल का?

खिळेजुळारी (कणकवली)

ताई, बाबांचं ऐकून वाईट वाटलं. मी १९८४ ते २०१९ साप्ताहिक चालवलं. सुरुवात पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनवर, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं स्वतः जुळवून. त्यातली आठ वर्षं संघाचा चिटणीस होतो, तेव्हा जे केलं आणि पाहिलं तेच सांगतो.

आमच्याकडे एक वार्ताहर होता. खेड्यातून पस्तीस वर्षं बातम्या पाठवल्या. पाकीट बंद करायचं, सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, स्टँडवर कुणीतरी उतरवून घ्यायचं. पुढे फॅक्स आला, मग मोबाइल. साठी उलटली आणि हृदयाचं दुखणं निघालं. आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजनेत त्याचं नाव बसायला हवं होतं. तीन दशकं या कामात घालवलेल्या ज्येष्ठ पत्रकारांसाठीच ती आहे. तेव्हा महिन्याला ११,००० मिळत, पुढे ते २०,००० झाले. पण पुरावा? पस्तीस वर्षांतल्या त्याच्या एकाही बातमीवर त्याचं नाव नव्हतं. वर गावाचं नाव आणि खाली कंसात ‘वार्ताहर’, एवढंच छापायची पद्धत होती.

मी आणि संघाचा खजिनदार त्याच्या घरी गेलो. माळ्यावरून त्याच्या बायकोने बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत मनीऑर्डरची कुपनं, रबर बांधून वर्षावार लावलेली. एकावर लिहिलेलं अजून आठवतं: ‘माहे जून, बातम्या ११, मानधन रु. ५५.’ रबर वितळून कागदाला चिकटलं होतं. एकेक कुपन सोडवायला अख्खी दुपार गेली. त्याला जोड म्हणून दोन जुन्या संपादकांची प्रतिज्ञापत्रं घेतली, वाचनालयातल्या फायलींमधून त्या त्या महिन्यांचे अंक काढून झेरॉक्स केले. प्रस्ताव दोनदा त्रुटी काढून परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. पहिला हप्ता जमा झाला त्या आठवड्यात गडी संघाची सात वर्षांची थकलेली वर्गणी घेऊन ऑफिसात हजर.

ताई, संघाचं वर्षभराचं काम ते हेच. एकटा माणूस दुसऱ्या त्रुटीलाच नाद सोडतो. शंकरराव चव्हाण पत्रकार कल्याण निधीचंही तसंच. दवाखान्यासाठी मदत मिळते, पण अर्ज जिल्हा माहिती कार्यालयातून वर जायला हवा आणि कागद पुरे हवेत. घरचा माणूस आयसीयूत असताना कागद कोण जमवणार? आम्ही जमवत होतो.

आता तुमच्या अडचणी.

मालकीचं पहिलं बघा. १ मार्च २०२४ पासून नवा नोंदणी कायदा लागू झालाय, १८६७ चा जुना गेला. सगळं प्रेस सेवा पोर्टलवर करावं लागतं. यातून नुकताच गेलेला एखादा सभासद शेजारी बसवा. पोर्टल वाईट नाही, पण कुठला कागद कुठे जोडायचा हे अनुभवानेच कळतं. आणि काही झालं तरी अंकात खंड पडू देऊ नका. दोन पानी काढा, पण काढा.

वार्ताहराचं जास्त गंभीर आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्ये केला, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो २०१९ मध्ये लागू झाला. पत्रकार संघटनांनी त्यासाठी बारा-बारा वर्षं निवेदनं दिली, उपोषणं केली. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पण कायद्यातली ‘पत्रकार’ची व्याख्या वाचा. माणूस माध्यमसंस्थेत नेमलेला हवा, कायम किंवा कंत्राटी. तुमच्या वार्ताहराकडे नेमणूकपत्र आहे का? खेड्यातल्या दहातल्या आठ जणांकडे नसतं. आजच्या आज लेटरहेडवर द्या, त्याची सही घ्या, एक प्रत फायलीला लावा. दम दिल्याची तक्रार लेखी करा आणि ठाण्यात त्याला एकट्याला पाठवू नका. पाच जण सोबत गेले की ठाणे अंमलदार खुर्ची पुढे करतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले. कोकणातल्या सगळ्या संघटना आपसातले वाद बाजूला ठेवून रस्त्यावर आल्या. गुन्ह्याला खुनाचं कलम लागलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं. आम्ही म्हातारेही उन्हात उभे होतो. त्यांच्या घरच्यांचं नुकसान कशानेच भरून येणार नाही, पण त्या वेळी मुकाट बसलो असतो तर जिल्ह्यातल्या एकाही पोराने पुढे पेन उचललं नसतं.

बातमीदार ७७ (परभणी)

काकांचं पटतं, पण दुसरी बाजूही सांगतो. मी सोळा वर्षं दोन दैनिकांना बातम्या देतो. आमच्याकडे एका तालुक्यात चार संघटना आहेत. त्यातली एक पैसे घेऊन ओळखपत्र आणि गाडीला लावायचं ‘प्रेस’चं स्टिकर देते. ज्याने आयुष्यात चार ओळी लिहिल्या नाहीत तो ते स्टिकर लावून रेशन दुकानदाराकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशी मी खऱ्या बातमीसाठी गेलो की तोच दुकानदार माझ्याकडे संशयाने बघतो. माझी सोळा वर्षांची पत यात जाते. ताई, सही करण्याआधी चौकशी करा.

खिळेजुळारी (कणकवली)

बरोबर आहे तुमचं, आणि हे दुखणं आमच्याकडेही आहे. मी तीन गोष्टी विचारायला सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का आणि गेल्या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब दाखवता का? वार्षिक सभा झाली का, इतिवृत्त कुठे आहे? सभासद करताना छापलेलं काम बघता की नुसते पैसे घेता? आम्ही वर्षभराची कात्रणं मागत होतो. आमदाराच्या चिठ्ठीवर आलेले दोघे परत पाठवले, त्यावरून वर्षभर अबोला सोसला.

चांगली संघटना वरपर्यंत धागा जोडून देते, हेही लक्षात घ्या. मराठी पत्रकार परिषद १९३९ ची. अधिस्वीकृतीच्या, म्हणजे पत्रकाराला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेच्या, राज्य आणि विभागीय समित्यांवर संघटनांचे प्रतिनिधी बसतात, तिथे ग्रामीण वार्ताहराची अडचण मांडणारा आपला माणूस लागतो. कागदाचं बघा. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्र कागदावर दहा टक्के सीमाशुल्क बसलं. इंडियन न्यूजपेपर सोसायटीसारख्या मालकांच्या संघटनांनी ते लावून धरलं, पुढच्या अर्थसंकल्पात ते पाच टक्क्यांवर आलं. नऊशे प्रतींच्या अंकाचं म्हणणं दिल्लीला एकट्याने कोण ऐकतो? आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधीने आमच्या देवगड तालुक्यात, बाळशास्त्रींच्या पोंभुर्ल्यात, ‘दर्पण’ सभागृह उभं केलं. त्यांना एकदा जाऊन भेटा.

बिलांचं राहिलं. आम्ही सात साप्ताहिकांनी थकबाकीचा एकच तक्ता केला: अंकाची तारीख, आदेश क्रमांक, चौरस सेंटिमीटर, रक्कम. संघाच्या पत्रासोबत तो मुख्याधिकाऱ्यांना दिला, प्रत जिल्हा माहिती अधिकाऱ्यांना. सुटे सात जण फेऱ्या मारत होते तेव्हा ‘बजेट नाही’ हे उत्तर होतं. तक्ता गेल्यावर दोन हप्त्यांत पैसे निघाले. सरकारी जाहिराती रोटेशनप्रमाणे, म्हणजे सगळ्या अंकांना पाळीपाळीने, सुटतात की नाही, हेही त्याच तक्त्यात दिसायला लागलं.

हार्डवेअरवाला (कराड)

मी पत्रकार नाही, बाजारपेठेतल्या व्यापारी असोसिएशनचा सचिव आहे. आमची बाजू लिहितो.

पूर्वी दिवाळी जवळ आली की दुकानात दिवसाला तीन-चार जण जाहिरात मागायला येत. नाही म्हणायला संकोच, हो म्हणायला परवडत नाही. पाच वर्षांपूर्वी आम्ही सभेत ठराव केला. नियमित निघणाऱ्या स्थानिक अंकांना असोसिएशनतर्फे वर्षाचं एकच पान, दर आधी ठरवून, निम्मे पैसे आगाऊ. यादी करताना मागच्या बारा महिन्यांचे अंक टेबलावर मांडून मोजले. कुणाचे अठ्ठेचाळीस भरले, कुणाचे सहा. निकष तोच ठेवला.

त्यातल्या एका साप्ताहिकाने पुढच्याच पावसाळ्यात बातमी छापली की बाजारातला नाला आमच्याच काही दुकानांच्या पायऱ्यांनी बुजलाय. सभेत आवाज चढले, पान बंद करा म्हणाले. मी फोटो फिरवला. माझ्या दुकानाची पायरीही त्यात होती. ठरावात ‘बातमीशी जाहिरातीचा संबंध नाही’ हे वाक्य तेव्हा घातलं. पायऱ्या काढल्या, पान चालू आहे. ताई, तुमच्या गावच्या व्यापाऱ्यांशी असं बोलून बघा. पण वर्षाचे सगळे अंक हातात घेऊन जा.

माणदेशी लेक (दहिवडी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, नेमणूकपत्र काल रात्रीच दिलं. आमच्या वार्ताहर दादांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी कागदावर लिहून दिलं. उद्या संघाचे अध्यक्ष आणि आणखी चार जण आमच्यासोबत ठाण्यात येतायत. हिशेब आणि इतिवृत्त मागितलं, त्यांनी लगेच दाखवलं. वर्गणी भरली.

हार्डवेअरवाल्या दादांचं वाचून बाबांचे सगळे अंक खोलीत मांडले. पतसंस्थेची सवय, त्यामुळे वहीत नोंद करत गेले. चोवीस वर्षांतले अकरा अंक नाहीत, त्यातले सात २००३ च्या उन्हाळ्यातले. त्या वर्षी दुष्काळ होता. आई सांगते, बाबा तेव्हा चारा छावण्यांवर दर आठवड्याला लिहीत. मुंबईतल्या कुणा माणदेशी घरात ते अंक असतील तर कळवा. मी स्वतः येऊन फोटो काढून नेईन, अंक तुमच्याकडेच राहू द्या.