प्रति: पैसे मिळतात, पण आधी खिशातून जातात
दादा, ‘लहान केअर होमला (वृद्ध-आजारी माणसांना ठेवून सांभाळणाऱ्या घराला) स्टाफच्या ट्रेनिंगसाठी सरकार दमडी देत नाही’ हे तुमचं म्हणणं निदान इंग्लंडपुरतं पटलं नाही. (स्कॉटलंड-वेल्सचा कारभार वेगळा.) सप्टेंबर २०२४ पासून सरकारची लर्निंग अँड डेव्हलपमेंट सपोर्ट स्कीम आहे, ठरावीक कोर्सची फी परत मिळते. गोम अशी की पैसे आधी आपण भरायचे, मग क्लेम करायचा. शिवाय स्किल्स फॉर केअर या केअर क्षेत्रातल्या मनुष्यबळाचं काम बघणाऱ्या संस्थेच्या डेटासेटमध्ये आपल्या स्टाफची माहिती अद्ययावत हवी. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा माणूस असतो. आमच्याकडे मॅनेजरच रोटा (ड्युट्यांचं वेळापत्रक) लावते, औषधांचे चार्ट तपासते आणि रात्री हे भरत बसते. त्यामुळे तुमचा वैताग समजतो.

केअर सर्टिफिकेटचं, म्हणजे नव्या केअर वर्करच्या सुरुवातीच्या ट्रेनिंगचं, दुखणं मात्र खरं. २०१५ पासून आहे, पण ती मान्यताप्राप्त पात्रता नाही, म्हणून नोकरी बदलली की बऱ्याच ठिकाणी पुन्हा श्रीगणेशा. जून २०२४ मध्ये त्याचीच लेव्हल २ची रीतसर, मान्यताप्राप्त पात्रता आली, ती कायम आपल्यासोबत राहते. नव्या मुलींना मी तीच करायला सांगते. त्यात जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर आणणंही बंद झालंय, म्हणजे इथल्यांनाच शिकवायला हवं.

आणि हो, पैसे भरण्याआधी कोर्स त्या स्कीमच्या यादीत आहे का ते बघा. आमचा एक क्लेम त्यावरूनच परत आला.